पैसा कोणत्या दाराने येतो



  या व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला आहे 'पैसा आणि आपली नाती'. तो वाचून काहींना वाटलं असेल, वक्ता आता सांगणार की पैसा आज आहे उद्या नाही, माणसं जपा. तसलं काही मी सांगणार नाही. ज्याच्या घरातले पैसे वीस तारखेला संपतात, त्याला हे ऐकवणं उद्धटपणाचं आहे. आणि ज्याच्या घरातले संपतच नाहीत, त्याला ऐकवून उपयोग नसतो.

मला वेगळंच काही मांडायचं आहे. घरात पैशावरून वाजलं की आपण दोनच कारणं देतो. एक, मिळकत कमी. दोन, स्वभाव. तो उधळ्या, ती चिकट, सासू हिशेबी, दीर लबाड. आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसलेला माणूस म्हणून मी सांगतो, या दोन कारणांच्या मध्ये एक तिसरं कारण असतं आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. पैसा घरात येतो तो कुठल्या तरी दाराने येतो. कोणाच्या नावाने येतो? कोणत्या तारखेला येतो? कोणाच्या सहीने येतो, आणि तो आला हे घरात कोणाकोणाला कळतं? हे दार नवराबायकोने बसवलेलं नसतं. ते कायद्याने, कारखान्याने, सावकाराने, पोस्टाने, पतपेढीने बसवलेलं असतं. भांडण मात्र आत होतं, आणि दोष आतल्यांच्या स्वभावाला लागतो.

लांब जायला नको. शहाडहून दोन स्टेशनं पुढे टिटवाळा. टिटवाळा म्हटलं की आज आपल्याला गणपती आठवतो, अंगारकीची गर्दी आठवते. पण जानेवारी 1945 मध्ये त्याच टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद भरली होती. शामराव आणि गोदावरी परुळेकर ती सभा उभी करत होते. डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीतले वारली त्या परिषदेला आले, आणि त्याच वर्षी त्या भागात वेठीविरुद्धचा उठाव पेटला. ठाणे जिल्हा तेव्हा वरपर्यंत पसरलेला होता. म्हणजे ही आपल्याच जिल्ह्याची गोष्ट.

त्या वारल्यांच्या मागण्यांमध्ये एक मागणी लग्नगडी पद्धत बंद करण्याची होती. ही पद्धत काय होती? तरुण मुलाला लग्न करायचं. लग्नाला पैसे नाहीत. तो जमीनदाराकडून कर्ज घ्यायचा. रक्कम मोठी नसायची. पण फेडायला त्याच्याकडे अंगमेहनतीखेरीज काही नसायचं, म्हणून तो जमीनदाराचा गडी व्हायचा, आणि त्याच्याबरोबर त्याची नवी बायकोही राबायची. व्याज वाढत जायचं, हिशेब जमीनदाराच्या वहीत असायचा, आणि वही वाचता येणारा माणूस फक्त जमीनदार.

आता आर्थिक शोषण म्हणून ही गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. मला तिच्यातलं दुसरं काही विचारायचं आहे. त्या नवराबायकोचं काय होत असेल? ती मुलगी घरात आली त्याच दिवशी तिचा नवरा गुलाम झाला. कोणामुळे? तिच्यामुळे. निदान त्याला एखाद्या वाईट रात्री तसं वाटलंच असेल. आणि तिला? मालकाने तिला हाक मारली तर नवरा मध्ये पडू शकत नाही, हे तिला पहिल्या महिन्यातच कळत असेल. जे कर्ज दोघांना एकत्र आणायला काढलं, त्याच कर्जाने दोघांना एकमेकांच्या नजरेत लहान केलं. यात स्वभावाचा दोष कुठे शोधायचा? त्याच्या की तिच्या?

वेठबिगार निर्मूलनाचा देशव्यापी कायदा यायला 1976 उजाडलं. आजही दिवाळीनंतर या जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं उचल घेऊन जातात. उचल पुरुषाच्या हातात पडते, भट्टीवर सगळं कुटुंब राबतं. तिकडे बीड-अहिल्यानगरात ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, एकटा पुरुष अर्धा कोयता. मुकादमाच्या हिशेबात लग्न झालेल्या माणसाची किंमत दुप्पट, म्हणून मुलीमुलांची लग्नं लवकर उरकली जातात. बालविवाहाविरुद्ध भाषणं करणाऱ्यांनी आधी हा कोयत्याचा हिशेब वाचावा, असं मला फार वाटतं.

आता तारखेकडे येऊ.

1936 साली वेतन देण्याचा कायदा झाला. त्याने पगाराची मुदत ठरवून दिली. 1000 पेक्षा कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत पगार, जास्त असतील तर 10 तारखेच्या आत. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात सेंच्युरी रेयॉनचा किंवा मोहन्याच्या एन.आर.सी. कारखान्याचा पगार आला आहे, त्यांना दहा तारीख म्हणजे काय हे मी सांगायला नको. कायदा चांगलाच होता, कारण त्याआधी मालक वाटेल तेव्हा पगार करायचे आणि दंडाच्या नावाखाली वाटेल तेवढे कापायचे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. महिनाभर काम आधी, पैसे नंतर. म्हणजे कामगार मालकाला महिन्याची उधारी देत होता. मग कामगाराला उधारी कोण देत होतं?

मुंबईच्या गिरणगावात याचं उत्तर होतं खानावळवाली. कोकणातून, घाटावरून एकटा आलेला गिरणी कामगार महिनाभर तिच्याकडे जेवायचा आणि पगार झाला की पैसे द्यायचा. तिने महिनाभराचं धान्य, तेल, रॉकेल आणायचं कुठून? वाण्याकडून उधार, आणि सावकाराकडून व्याजाने. मंगळसूत्र गहाण पडायचं ते याच्यासाठी. मालकाने लांबवलेली तारीख शेवटी एका बाईच्या गळ्यापर्यंत येऊन पोचायची. संपात पगार थांबले तरी या बायकांनी जेवण थांबवलं नाही. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात. चूल कोणाच्या कर्जावर पेटली, ते येत नाही.

गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 साली या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 मध्ये झालं होतं, गरिबांना कर्ज द्या असं वरून सांगितलं जात होतं, पण या बायकांकडे तारण काय होतं? त्यांनी गट करून एकमेकींची हमी दिली आणि बँकेने पैसे दिले. आम्ही बँकवाले त्या काळी असल्या कर्जाला नाकं मुरडायचो, हे खरं. बाईने किती लाडू-पोळ्या केल्या हे आम्हाला कळायचं नाही, आणि कळायची इच्छाही नसायची.

तर काय बदललं? त्या बायकांची मिळकत एकदम वाढली असं नाही. पैसा आत येण्याचं दार बदललं. सावकाराच्या दाराने येणारा पैसा तिच्या नावाच्या खात्यातून यायला लागला. वाण्यापुढे मान खाली घालण्याचे दिवस कमी झाले. आणि घरात? ज्या बाईच्या नावावर बँकेचं पुस्तक आहे तिच्याशी बोलताना नवऱ्याचा आवाज थोडा उतरतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, काउंटरच्या पलीकडे पाहिलेलं आहे.

तारखेचा परिणाम डोक्यावरही होतो, बरं का. 2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना पैसे वर्षातून एकदा, तोडणीनंतर मिळतात. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी आणि नंतर बुद्धीचे साधे खेळ दिले. पैसे हातात यायच्या आधी तीच माणसं लक्षणीय कमी हुशार ठरली. माणूस तोच, डोकं तेच. फक्त तारीख वेगळी. मग सांगा, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नवरा 'मूर्खासारखा' वागतो, बायको 'उगाच' चिडते, पोराच्या पाठीत धपाटा बसतो, हे सगळं आपण स्वभावाच्या खात्यावर किती वर्षं मांडत आलो? घरी जाऊन एक करा. वर्षभरातली मोठी भांडणं आठवा आणि कॅलेंडरवर त्यांच्यापुढे फुली मारा. फुल्या कुठे दाटतात ते बघा. आता पगार एक तारखेला येतो, पाच तारखेला हप्ता आपोआप कापला जातो. आंबिवली-टिटवाळ्याच्या नव्या टॉवरमधल्या जोडप्यांना विचारा. 20 वर्षांचं कर्ज म्हणजे 240 पाच तारखा. इतक्या वेळा त्या दोघांना एकमेकांचं तोंड बघायचं आहे.

आता नावाविषयी. हा भाग मी लवकर आवरतो, कारण तो तुम्हाला ठाऊक आहे.

आपल्याकडे मनीऑर्डर 1880 मध्ये सुरू झाली आणि जुन्या स्वरूपातली मनीऑर्डर 2015 मध्ये बंद झाली. कोकणातली आणि साताऱ्याकडची कित्येक गावं सव्वाशे वर्षं तिच्यावर जगली. त्या फॉर्मवर पैसे कोणाला द्यायचे हे लिहायची एक जागा होती आणि खाली चार ओळी मजकुराची जागा होती. मुंबईतला मुलगा पैसे कोणाच्या नावाने पाठवायचा? वडिलांच्या, नाहीतर थोरल्या भावाच्या. बायकोचं नाव त्या चौकोनात घातलं की गावात चर्चा. म्हणजे नवऱ्याला पगार किती हे बायकोला वर्षानुवर्षं माहीत नसायचं, आणि मीठमिरचीचे पैसे ती सासऱ्याकडे मागायची. चार ओळींचा मजकूर पोस्टमन अंगणात मोठ्याने वाचायचा, त्यात तिच्यासाठी काही असलंच तर ते सगळ्यांच्या देखत. आपल्याकडे सासूसुनेच्या भांडणांवर नाटकं झाली, मालिका झाल्या. मनीऑर्डरच्या त्या चौकोनावर एकही झालं नाही!

त्या चौकोनाचा वारसदार आज कोण आहे सांगू? बँकेच्या फॉर्मवरचा नॉमिनीचा रकाना. मुलगा विसाव्या वर्षी कामाला लागतो, आईचं नाव टाकतो. योग्यच आहे. मग लग्न होतं, मुलं होतात, फॉर्म तसाच राहतो. एक दिवस माणूस अचानक जातो, आणि तेराव्याच्या आधी घरात दोन बायका एकमेकींकडे बघेनाशा होतात. आईला वाटतं, त्याने मला दिलं. बायकोला वाटतं, त्याने मला वगळलं. खरं म्हणजे त्याने काहीच केलेलं नसतं. त्याने फक्त फॉर्म बदललेला नसतो. आणि कायद्याने बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी मालक नसतोच. तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो, एवढंच. हे आम्ही ग्राहकाला किती वेळा समजावून सांगितलं? फॉर्मवर सही कुठे करायची तेवढं बोट दाखवलं.

मित्रहो, आता मी ज्या भागाकडे येतो आहे तो या सभागृहातल्या पुष्कळांच्या घरातला आहे. तो म्हणजे जामीन.

कामगारांच्या पतपेढ्या ही शहाड-मोहने-आंबिवलीच्या या पट्ट्याची मोठी कमाई आहे. पठाणाच्या आणि गेटवरच्या सावकाराच्या तावडीतून कामगाराला कोणी सोडवलं असेल तर या पतपेढ्यांनी. 1960 च्या सहकार कायद्यात तरतूद आहे की सभासदाने लिहून दिलं तर मालकाने पगारातून हप्ता कापून संस्थेला द्यायचा. त्यामुळे कर्ज बुडत नसे. आणि त्यावर दोन जामीनदारांच्या सह्या. मुलीचं लग्न, गावच्या घराचं छप्पर, आईचं ऑपरेशन, सगळं त्या दोन सह्यांवर झालं. जामीन राहणं ही एका खात्यात, एका पाळीत काम करणाऱ्यांची नात्यासारखी गोष्ट होती. मी तुला, तू मला.

पण ही सही घरात कोणाला माहीत असायची? जवळजवळ कोणालाच नाही. मग ज्याच्यासाठी सही केली त्याने नोकरी सोडली किंवा तो आजारी पडला, की एका महिन्यात जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू. घरी पाकीट हलकं. बायको विचारते, कुठे गेले? तो सांगत नाही, कारण सांगायचं तर सहीपासून सांगावं लागेल. ती दारूचा संशय घेते, नाहीतर दुसऱ्या कोणाचा. कर्ज तिसऱ्याचं, संसार याचा, आणि वीस वर्षांची मैत्री कायमची बंद. त्याच मित्राच्या मुलाच्या लग्नाला हा जात नाही. लोक म्हणतात, माणूस मनात धरून ठेवणारा आहे.

पगारातून कपात ही भक्कम व्यवस्था, पण ती एका गोष्टीवर उभी होती. पगारावर! 2009 मध्ये मोहन्याची एन.आर.सी. बंद पडली. हजारो घरांचा पगार एका झटक्यात थांबला. पुढे प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणात गेलं, जमीन एका मोठ्या उद्योगसमूहाकडे गेली, वसाहतीतल्या घरांवरून झगडे झाले, आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. कोर्टातल्या तारखांचा हिशेब वकील मंडळी सांगतील. मला त्या घरांमधल्या एका वाक्याविषयी बोलायचं आहे. 'देणी आली की.'

देणी आली की मुलीचं बघू. देणी आली की डोळ्याचं ऑपरेशन करू. देणी आली की भावाचे परत करू. न आलेला पैसा हा आलेल्या पैशापेक्षा घरावर जास्त सत्ता गाजवतो, हे मोहन्याने दाखवून दिलं. पैसा नाहीच असं कळलं असतं तर माणसं रडून मोकळी झाली असती, दुसरी वाट धरली असती. इथे पैसा आहे, हक्काचा आहे, ग्रॅच्युइटीचा हिशेब सेवेच्या दर वर्षाला 15 दिवसांचा पगार असा बोटांवर करता येतो, पण हातात नाही. बायकांनी कल्याणात धुणीभांडी धरली, पोळ्या लाटल्या, घर चालवलं. आणि पुरुष? त्यातले किती तरी दर सुनावणीची वाट बघत घरात बसले. कमावणारी ती, आणि घरातला शब्द मात्र अजून त्याचा, कारण देणी त्याच्या नावाची होती. ज्या मुलांनी हे पाहिलं, ती आज तिशी-चाळिशीत आहेत. त्यांच्यातले काही वडिलांशी नीट बोलत नाहीत. त्यांना मी एवढंच सांगेन, वडिलांना कंटाळण्याआधी त्यांना कोणत्या दारात बसवून ठेवलं होतं ते बघा.

आता जामिनाचीच पुढची गोष्ट, मोबाईलवरची. झटपट कर्ज देणारी ॲप्स आली. कागद नको, जामीनदार नको, पाच मिनिटांत पैसे. जामीनदार नको? अहो, त्यांनी तुमच्या फोनमधले सगळे नंबर उचलले आणि मागेपुढे न बघता सगळ्यांनाच जामीनदार केलं! हप्ता चुकला की मामाला फोन, वहिनीला मेसेज, ऑफिसातल्या साहेबाला फोटो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये नियम काढले की कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या संपर्कयादीला हात लावायचा नाही. नियम आले, पण बेकायदा ॲप्सना नियमाशी काय देणंघेणं? पतपेढीतल्या जामीनदाराने निदान स्वतःच्या हाताने सही केलेली असायची. इथे मामाला ठाऊकही नसतं की भाच्याने त्याला तारण ठेवलं आहे. महाराष्ट्रात या छळाला कंटाळून माणसांनी जीव दिले आहेत. कर्जाची रक्कम काही हजारांची असते. लाज मात्र सगळ्या गोतावळ्यात वाटली जाते, आणि ती फेडायला हप्ते नसतात.

स्वयंपाकघरातल्या डब्यात लपवलेल्या पैशाविषयी बोलल्याशिवाय खाली बसलो तर समोरच्या भगिनी रागावतील. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1000 च्या नोटा बाद झाल्या तेव्हा डाळीच्या, रव्याच्या डब्यांतून जे बाहेर आलं ते आठवा. सरकारने सांगितलं, गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर विचारणार नाही. सरकार विचारणार नव्हतं. पण नवरा? वर्षानुवर्षं गाठीला मारलेले पैसे एका आठवड्यात नवऱ्याच्या डोळ्यांसमोर खात्यात जमा झाले, आणि पुष्कळ घरांत ते मग 'आपले' झाले. बाईच्या कमाईवर तिचा स्वतंत्र हक्क असल्याचा कायदा या देशात आहे. पण त्या कायद्यावर विसंबण्यापेक्षा बायका रव्याच्या डब्यावर विसंबल्या, यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात. ते निवडणुकीसाठी होते की नव्हते यावर तुम्ही चहा पिताना भांडा. मला एवढंच विचारायचं आहे, पैसे जमा झाल्याचा मेसेज कोणाच्या फोनवर येतो?

मी फार लांबलो. अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलेलं मला दिसलं आहे.

या सभागृहात पतसंस्थांचे संचालक आणि सभासद बसलेले आहेत. त्यांच्याकडे माझं मागणं आहे, आणि ते दोनच ठरावांचं आहे. पहिला, कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला दर तीन महिन्यांनी त्या कर्जाची स्थिती लेखी कळवायची, म्हणजे पगार कापला गेल्यावर त्याला कळायला नको. दुसरा, प्रत्येक सभासदाचं वारसपत्र दर पाच वर्षांनी समोर ठेवून पुन्हा विचारायचं, नाव तेच ठेवायचं का बदलायचं, आणि नॉमिनी मालक नसतो हे त्याला त्याच वेळी तोंडी सांगायचं. दोन्हींना फारसा खर्च नाही. पतसंस्थांना वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. विषयपत्रिका निघण्याआधी हे दोन ठराव लेखी देऊन ठेवा.